खाडीची सफर खाडीच्याच माणसांच्या हाती द्या

मे महिन्याच्या सुट्टीचे बेत आमच्या मुलुंडमध्ये संक्रांत होते न होते तोच शिजू लागतात. काश्मीर, केरळ, व्हिएतनाम ही नावं जुनी झाली. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला नदीवरची क्रूझ आली आहे. सहल कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत तिचं वर्णन ठरलेलं असतं: पाण्यावरून दिसणारे पक्षी आणि प्राणी, काठावरच्या गावांतली साधी माणसं, त्यांच्या हातची कारागिरी, आणि संध्याकाळी डेकवर चहा.

या सगळ्याला मोठी चालना मिळाली ती १३ जानेवारी २०२३ रोजी. त्या दिवशी पंतप्रधानांनी वाराणसीहून निघणाऱ्या ‘गंगा विलास’ या जहाजाला निरोप दिला. ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर, २७ नद्या, बांगलादेशातून वळसा घेऊन आसामातलं दिब्रुगड. जहाजात खोल्या १८ आणि प्रवासी ३६. भाडं लाखांत. एवढा लांबचा जलप्रवास आपल्या देशात होऊ शकतो याचा मलाही अभिमान वाटला, आणि ज्यांना परवडतं त्यांनी तो जरूर करावा. पण मी मुलुंडच्या शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे. भरती-ओहोटीचा धडा फळ्यावर शिकवताना वर्गाच्या खिडकीपासून तीन किलोमीटरवर खाडी चढत-उतरत असायची, आणि वर्गातल्या बहुतेक मुलांनी ती ऐरोलीच्या पुलावरून धावत्या गाडीतून तेवढी पाहिलेली असायची. म्हणून मला आज एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. वन्यजीव, गाव आणि कारागिरी दाखवणारी जलसफर उपनगरांच्या दोन्ही अंगांना आहे. ती नीट उभी करा, छोट्या होड्यांवर उभी करा, आणि तिचा पहिला हक्क कोळीवाड्यांना आणि पाड्यांना द्या.

पूर्वेकडून सुरुवात करू. मुलुंडहून ऐरोली पूल ओलांडला की पलीकडे वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून फ्लेमिंगो पाहायला होड्या सुटतात. ठाणे खाडीचा हा भाग ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला. क्षेत्र १,६९० हेक्टर, त्यातलं ८९६ हेक्टर कांदळवन आणि उरलेलं पाणी. २०२२ मध्ये ही खाडी रामसर यादीत गेली, म्हणजे जगाने जपण्याजोग्या मानलेल्या पाणथळ जागांत मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या मागचा हा चिखल मोजला जातो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजणीत इथल्या फ्लेमिंगोंचा आकडा एखाद्या हंगामात लाखाच्या वर गेलेला आहे.

या सफरीची वेळ घड्याळ ठरवत नाही, चंद्र ठरवतो. पूर्ण ओहोटीला होडी चिखलात रुतते. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी उठून नेरुळच्या तळ्याकडे किंवा भांडुप उदंचन केंद्राजवळच्या पाणथळीवर जाऊन उभे राहतात. मधला थोडा वेळ तेवढा आपला. किनाऱ्यावरच्या माणसांकडे याचा हिशेब तोंडी आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या. भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी थोडा फरक पडतो, पण होडी काढायला हा हिशेब पुरतो. पुनव-अवसेचं उधाण आलं की पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. अष्टमी-नवमीच्या भांगाला ते निम्म्यानेही हलत नाही. मुलांना मी हे पुस्तकातून शिकवत असे. होडीवरच्या तांडेलाने तेच दोन वाक्यांत, काठावरच्या तिवराच्या खोडावरची ओली रेघ दाखवून शिकवलं, आणि ते मुलांच्या जास्त लक्षात राहिलं.

धक्का सोडला की आधी दोन्ही बाजूंना तिवरांची भिंत लागते. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली त्यांची श्वसनमुळं, त्यांच्यामधून उड्या मारत पळणाऱ्या निवट्या, एकच मोठा डांगा वरखाली हलवणारे नर खेकडे. काही ठिकाणी पांढरी चिप्पी दिसते. २०२० मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्ष ठरवलं. याच झाडीत सोनेरी कोल्हे राहतात. विक्रोळीच्या कन्नमवारनगरात ते रात्री वस्तीच्या कडेला दिसतात. होडीतून कोल्हा क्वचितच दिसेल, पण ओल्या चिखलावर त्याच्या पावलांची ओळ दिसू शकते. डोक्यावर खंड्या, बगळे, कुरव, सुरय. हिवाळ्यात तुतारी आणि शेकाट्यांचे थवे.

मग खाडी रुंदावते आणि फ्लेमिंगो दिसतात. तांडेल इंजिन बंद करतो. दुरून ती नुसती गुलाबी पट्टी असते. जरा जवळ गेलं की दोन जाती वेगळ्या करता येतात. मोठा रोहित उंच, फिकट, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. लहान रोहित ठेंगणा, अधिक गुलाबी, चोच गर्द लालसर. लहान रोहित मान खाली घालतो, चोच उलटी करून पाण्यात बुडवतो आणि डावी-उजवीकडे झुलवत पुढे चालतो. त्याची जीभ पाणी आत ओढते आणि बाहेर फेकते. चोचीच्या आतल्या बारीक झालरीत नीलहरित शेवाळं अडकतं. त्याच्या अंगाचा रंग त्या अन्नातून येतो. शेकडो पक्षी एका वेळी असं चरत असतात आणि त्यांच्या घशातून सतत हलकी गुणगुण येत असते. इंजिन चालू ठेवलं तर ती ऐकू येत नाही. शहराच्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांमुळे हे शेवाळं माजतं, आणि त्याच्या ओढीने हे पक्षी १९९०च्या दशकापासून शिवडी-माहुलकडे आणि पुढे या खाडीत मोठ्या संख्येने येऊ लागले. कच्छच्या रणात त्यांची वीण होते, आणि हिवाळा ते उन्हाळा आपल्याकडे मुक्काम.

आता पश्चिमेकडे येऊ. तिथल्या जलसफरीला कोणी सफर म्हणत नाही, ती रोजची वाहतूक आहे. अंधेरीच्या लोकांना वर्सोवा ते मढ ही तर ठाऊक आहे, मालाडच्या लोकांना मार्वे ते मनोरी, बोरिवलीच्या लोकांना गोराईची. गोराई-मनोरी हा भाग धारावी बेटाचा. बोरिवलीहून समोर दिसणाऱ्या गोराईला गाडीने जायचं तर भाईंदरला वळसा. त्यामुळे तरीत भाजीच्या पाट्या, मासळीच्या टोपल्या, स्कूटर आणि शाळेची पोरं शेजारी शेजारी असतात. गोराईच्या विपश्यना पगोड्याला जाणारी पर्यटक मंडळीही इथल्याच धक्क्यावरून होडीत बसतात. २००९ मध्ये तो खुला झाल्यापासून गोराईच्या किनाऱ्यावर किती माणसं उतरली असतील! त्यांतली बहुतेक पगोडा पाहून त्याच होडीने परत येतात. शेजारच्या गावात शिरत नाहीत. गावात काय पाहायचं, कोणाला विचारायचं, हे सांगणारी एक पाटीही त्यांना वाटेत दिसत नाही.

आणि पाहण्याजोगं तर भरपूर आहे. पाऊस संपल्यावर मढला किंवा वर्सोव्याला जा. बांबूच्या उंच मांडवांवर दोरांच्या ओळी ताणलेल्या असतात आणि त्यांवर बोंबील वाळत असतात. ते टांगायची रीत जवळ उभं राहून पाहावी. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा. त्यांचे दात मागे वळलेले असतात, त्यामुळे ती जोडी आपोआप कुलूपबंद होते. मग ती दोरावर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. सुतळी नाही, आकडा नाही. एक बाई बोलता बोलता, हाताकडे न पाहता एकामागून एक जोड्या टाकत जाते. वाऱ्याने आणि उन्हाने चार दिवसांत मासा कडक होतो. बाजूला जमिनीवर जवळा पसरलेला, कावळे हाकलायला एखादी आजी काठी घेऊन बसलेली. मी फोटो काढत होते तेव्हा अशाच एका आजीने मला म्हटलं, “फोटू समदी काढतान, बाय. घेतान कोन?” मला वाटतं, उपनगरातल्या पर्यटनाचा सगळा प्रश्न त्या सहा शब्दांत आहे.

डोल जाळं ही तर स्वतंत्र विद्या. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेलं हे शंकूसारखं जाळं पाण्याच्या ओढीला तोंड करून उभं राहतं. तोंडाशी आस मोठे, शेपटाकडे बारीक होत जाणारे. बोंबील, करंदी, मांदेली पाण्याच्या जोरानेच आत येतात. त्या जाळ्याची शिवण, आसांचं गणित आणि खुंटाची जागा ओळखणं हे कुठल्याही संग्रहालयातल्या हस्तकलेइतकंच मोलाचं कसब आहे. होड्या बांधणारे, त्या डागडुजीला किनाऱ्यावर ओढून फळ्यांच्या सांध्यांत कापूस भरणारे हातही याच गावांत आहेत. मनोरी-गोराईच्या ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात मिरच्या आणि गरम मसाले भाजून, कांडून बाटली मसाला होतो. हे सगळं चालू धंद्याचं काम आहे, पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नव्हे, आणि म्हणूनच ते पाहायला मिळणं भाग्याचं.

मनोरीच्या खाडीला राष्ट्रीय उद्यानातली नदी येऊन मिळते, हेही बोरिवलीकर विसरले आहेत. दहिसर नदी तुळशी तलावाकडून निघते, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून वाहते, आणि सुमारे १२ किलोमीटरवर मनोरीच्या खाडीला मिळते. तिच्या वरच्या अंगाला वारली पाडे आहेत. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची परंपरा या समाजाची. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वाघोबाला पूजणारी ही माणसं बिबट्याच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. वरच्या अंगाला स्वच्छ असलेली ही नदी वस्तीत शिरली की गोठ्यांचं शेण आणि सांडपाणी पोटात घेऊन खाडीपर्यंत पोहोचते. जंगल, पाडा, नदी, कोळीवाडा, समुद्र ही साखळी एका दिवसात पायी आणि होडीने पाहता येईल अशी महानगरं जगात फारशी नसतील.

आता माझं म्हणणं कशासाठी, ते सांगते. या पाण्यावर पर्यटन येणार आहे, ते कोणी थांबवू शकणार नाही. प्रश्न आहे तो कोणाच्या हाताने येणार याचा. मोठी कंपनी मोठी बोट आणील, तिच्यावर संगीत लावील, वातानुकूलित खोलीतून पक्षी दाखवील आणि कोळीवाड्यातल्या माणसाला फार तर दोर बांधायचं काम देईल. केरळकडे पाहा. तिथल्या केट्टुवल्लम या मूळच्या भात वाहणाऱ्या होड्या. त्यांच्या हाऊसबोटी झाल्या, पर्यटक वाढले, पैसा आला. पण वेंबनाड तलावाला पेलवतील त्याहून जास्त बोटी झाल्या, तेल आणि मैला पाण्यात गेला. वेंबनाडही २००२ पासून रामसर यादीत आहे. नुसत्या यादीने पाणी वाचत नाही.

दुसरा रस्ताही महाराष्ट्रातच आहे. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनाची सफर चालवतात. मासे विकणाऱ्या घरांतल्या या बायका होडी वल्हवतात, तिवराच्या जाती ओळखवतात, पक्षी दाखवतात आणि पाहुण्यांना घरचं जेवू घालतात. कांदळवन टिकलं तरच त्यांचं उत्पन्न टिकतं, त्यामुळे त्यांच्याइतका जागरूक राखणदार सरकारला पगार देऊनही मिळणार नाही. राज्याची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना २०१७ पासून आहे. ती वेंगुर्ल्याच्या धर्तीवर मढ, मनोरी, गोराई, वर्सोवा आणि पूर्वेच्या कोळीवाड्यांत पूर्ण ताकदीने राबवावी, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी परवान्यांची. खाडीत पर्यटक नेण्याचा परवाना आधी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थांना आणि बचत गटांना मिळावा. बोटीचा आकार, वेग आणि थव्यापासूनचं अंतर ठरवून द्यावं, थव्याजवळ इंजिन बंद ठेवण्याची सक्ती करावी, आणि लाऊडस्पीकरला पूर्ण बंदी असावी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दर्यातलं उत्पन्न थांबलेल्या त्या दोन महिन्यांत खलाश्यांना प्रशिक्षण द्यावं आणि त्याचा मेहनताना द्यावा. तिसरी मागणी धक्क्यांची: स्वच्छ शौचालय, पिण्याचं पाणी, सावली, वयस्कर माणसाला उतरता येईल अशा पायऱ्या, आठवड्याच्या भरतीचा मराठीतला फलक, आणि सुकी मासळी, मसाला, वारली चित्रं विकायला गावातल्या बायकांना हक्काचे ओटे. आणि चौथी, माझ्या सर्वांत जवळची: महापालिकेच्या प्रत्येक शाळेतल्या मुलांना एकदा तरी ही सफर फुकट घडवा. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीत वाढलेल्या मुलाला आपलं पाणी पाहण्यासाठी आई-बापाच्या खिशाकडे पाहावं लागू नये.

हे सगळं कशाच्या भरवशावर उभं राहायचं? पाण्याच्या. आणि ते पाणी आज संकटात आहे. महापालिकेने दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात सांडपाणी प्रक्रिया केंद्रं हाती घेतली आहेत. त्यांत भांडुप, घाटकोपर, वर्सोवा आणि मालाड आहेत. ती वेळेत पुरी होणं ही या सफरीची पहिली अट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासाच्या घरांसाठी वापरायला मंजुरी दिली. घरं गरिबांना मिळालीच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण उधाणाचं पाणी पोटात घेणारी ही सपाट जमीन बुजवली तर ते पाणी त्याच गरिबांच्या घरांत शिरेल. २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत पडलेल्या ९४४ मिलिमीटर पावसाने या शहराला हा धडा दिलेला आहे. वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्याची आखणीही तिवरांतून जाते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला, असं स्पष्ट म्हटलं. त्या निकालाचा मान राखून पर्याय शोधणं सरकारला अशक्य नाही.

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या पंतनगर परिसरात आकाशातून फ्लेमिंगो पडले. उतरत्या विमानाची धडक थव्याला बसली होती. तीसहून अधिक पक्षी मेले. लोकांनी गल्लीबोळांतून ते उचलले, वनविभागाला कळवलं. मला त्या बातमीत एक गोष्ट फार लागली. त्या वस्तीतल्या अनेकांनी फ्लेमिंगो इतक्या जवळून आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला असेल, आणि तो मेलेला. ज्यांच्या घराच्या मागे हे पक्षी निम्मं वर्ष राहतात, त्यांना ते जिवंत दाखवण्याची सोय या शहराने करायला हवी होती.

म्हणून वाचकांना विनंती आहे. दूरच्या नद्यांच्या सहली करा, पण यंदाच्या हिवाळ्यात एक रविवार ऐरोलीला द्या आणि एक मढ-मनोरीला. तांडेलाला प्रश्न विचारा, कोळणीकडून बोंबील विकत घ्या, गोराईत जेवा, आणि परत आल्यावर आपल्या नगरसेवकाला विचारा की इथल्या धक्क्यावर शौचालय का नाही आणि खाडीच्या बोटीचा परवाना कोणाला मिळणार आहे. मिठागर आणि तिवरं यांचे निर्णय ज्यांच्या मतांवर अवलंबून असतात, त्या माणसांनी खाडी पाहिलेली असली पाहिजे. न पाहिलेल्या पाण्यासाठी कोणी भांडत नाही, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे. आणि ज्या मुलांना आम्ही खाडीवर नेलं, ती आज मोठी होऊन मिठागरांसाठीच्या सभांना येऊन बसतात, हेही पाहते आहे.